वीज कंपनी आणि समाईक विहीर

गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांतून प्रवास करणाऱ्यास शिवाराचे रूप पालटलेले दिसते. ज्या माळांवर पूर्वी हुलगा, मटकी किंवा नुसते कुसळी गवत उभे असे, तेथे आज काळ्या काचेच्या सौर पॅनेलांच्या रांगा दक्षिणेकडे तोंड करून उभ्या आहेत. सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर व धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात पवनचक्क्या त्याहीपूर्वी आल्या. वीज कंपनी ही आता दूरच्या शहरातील वस्तू राहिलेली नसून ती आपल्या बांधाला बांध लावून बसलेली शेजारीण झाली आहे. त्यामुळे पूर्वी बियाण्याविषयी व खताविषयी विचारणारे शेतकरी आम्हा शेतकी खात्यातील मंडळींस आता निराळाच प्रश्न विचारू लागले आहेत : "साहेब, कंपनी जमीन मागते आहे, द्यावी की न द्यावी, आणि भाडे किती घ्यावे?"

प्रश्न रास्त आहे, परंतु माझ्या मते तो अपुरा आहे. भाडे ही जमिनीची किंमत झाली. ती खातेदारास मिळते व तेथेच संपते. कंपनी गावात पंचवीस वर्षे राहणार असेल तर तिच्या येण्याने गावाचे कोणते काम सोपे होणार आणि गावाच्या सहकार्याने कंपनीचे कोणते काम सोपे होणार, हा प्रश्न भाड्याच्याही आधी विचारावयास हवा.

आपल्याकडे समाईक विहिरीची पद्धत जुनी आहे. प्रत्येकाचा हिस्सा कागदावर लिहिलेला असतो, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि गाळ काढावयाची वेळ आली की सर्व हिस्सेदार मिळून तो काढतात. एकाची पाळी बुडवून दुसऱ्याचे पीक फार दिवस उभे राहत नाही, कारण दोघांचेही पाणी एकाच झऱ्याचे असते. २०११ साली मायकेल पोर्टर व मार्क क्रेमर ह्या दोन अमेरिकन लेखकांनी उद्योगधंद्यांसाठी जो विचार मांडला त्याचे सार ह्याहून फारसे निराळे नाही. आधी नफा मिळवावा व मग त्यातील थोडा दानधर्म करावा, एवढे पुरेसे नसून ज्या कामातून कंपनीस नफा होतो त्याच कामाची मांडणी अशी करावी की तीतून भोवतालच्या लोकांची अडचण दूर व्हावी आणि कंपनीचाही लाभ वाढावा, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ह्यास सामायिक मूल्य म्हटले. मी समाईक विहीर म्हणतो, कारण शेतकऱ्यास ते एका वाक्यात समजते.

वीज आणि गाव ह्यांचा संबंध आपल्या प्रदेशात नेहमीच असा राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटा कंपनीने धरणाचे काम हाती घेतले तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापटांनी त्यासाठी कारावास सोसला, हे सर्वज्ञात आहे. ह्या प्रकरणातील एक बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही. पेट्यातील कित्येक जमिनी सावकारांच्या हाती गेलेल्या होत्या. चांगला मोबदला पदरात पाडून घ्यावा व वाद मिटवावा, असे सावकारांपैकी अनेकांस वाटले. जो प्रत्यक्ष कसत होता त्याचे नाव मोबदल्याच्या यादीत शोधूनही सापडण्यासारखे नव्हते. धरण झाले, पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरले, वीज मुंबईस गेली. कागदावर नाव असलेला व जमिनीवर पाय असलेला हे दोघे निरनिराळे असू शकतात, एवढा एक धडा त्या खोऱ्याने शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवला होता. तो मी वाचलेला होता, आणि तरीही विसरलो. ती हकीकत पुढे येईलच.

प्रथम चालू योजनेविषयी थोडे सांगतो. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. शेतीपंपांस वीज पुरविणाऱ्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील पंपांस दिवसा वीज द्यावयाची, हा तिचा मुख्य हेतू. अहिल्यानगर जिल्ह्यातील राळेगणसिद्धी हे तिच्या पहिल्या गावांपैकी एक. दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीस हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरसाल ३ टक्के वाढ ठरविण्यात आली, आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला तीन वर्षे दरसाल ५ लाख रुपये अनुदान देण्याचे ठरले. एकरी हिशेब केला तर पहिल्या वर्षाचे भाडे सुमारे ५०,००० रुपये पडते, आणि पंचविसाव्या वर्षी हेक्टरी रक्कम अडीच लाखांच्या थोडी वर जाते. हलक्या माळावरील हुलग्याने एवढे उत्पन्न कधीही दिले नसते, तेव्हा भाड्यास कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. दिवसाच्या विजेचे मोल तर ज्याने पौषातील थंडीत रात्री दोन वाजता गव्हाला दारे धरली आहेत, पायाखाली साप आहे की पाण्याची नळी हे बॅटरीच्या उजेडात चाचपले आहे, त्यासच विचारावे. ह्या योजनेत समाईक विहिरीचे तत्त्व मुळातच आहे : वीज जेथे तयार होते तेथेच ती वापरली जाते, दूर वाहून नेताना होणारी गळती वाचते, आणि शेतकऱ्याची रात्र वाचते.

परंतु तत्त्व योजनेत असले म्हणजे ते गावात उतरलेच असे नव्हे.

माझ्या तालुक्यातील एका गावी चार खातेदारांचा मिळून बावीस एकरांचा माळ एका कंपनीने भाड्याने मागितला. मातीचा अभिप्राय देण्यासाठी मला बोलाविण्यात आले. मी चार ठिकाणी खड्डे घेतले. वीतभर मातीखाली मुरूम लागला. जमीन हलकी, ओल न धरणारी, पिकास जवळजवळ निरुपयोगी, सबब प्रकल्पास देण्यास हरकत नाही, असा अभिप्राय मी लिहून दिला. मातीपुरता तो आजही बरोबर आहे. परंतु त्या माळावर खरिपाचे पीक निघाल्यावर चार महिने कोण वावरत होते हे मी पाहिले नाही, व कोणास विचारलेही नाही. कृषि महाविद्यालयात आम्हांस मातीची खोली मोजावयास शिकविले होते. वहिवाटीची खोली मोजावयास शिकविले नव्हते, अशी सबब सांगता येईल. परंतु ती सबबच होय.

कुंपण पडले आणि दिवाळीनंतर गावातील मेंढपाळ कुटुंबांस आपल्या मेंढ्या दोन मैलांचा वळसा घेऊन न्याव्या लागल्या. ज्या स्त्रिया त्या माळावरून गवताचा भारा आणीत व हुलगा उपटण्याच्या दिवसांत तेथे मजुरीस जात, त्यांचेही येणे-जाणे बंद झाले. पुढील पावसाळ्यात आत गवत व गाजर गवत माजले, तेव्हा कंपनीच्या ठेकेदाराने २,४-डी ह्या तणनाशकाची फवारणी केली. त्या दिवशी वारा होता. शेजारच्या दीड एकरातील कपाशीची पाने आठ दिवसांत आखडली व पंजाच्या बोटांसारखी अरुंद झाली. कपाशीस ह्या औषधाचा अत्यल्प अंशही सोसत नाही हे आपल्या कार्यकर्त्यांस ठाऊक आहे, ठेकेदारास ते ठाऊक नव्हते. गावकऱ्यांनी फाटक अडविले. चार दिवस दुरुस्तीची माणसे आत जाऊ शकली नाहीत व एक रोहित्र बंद राहिले. म्हणजे कंपनीची वीज गेली, कपाशीवाल्याचे पीक गेले, आणि वाहिनीवरील पंपांसही दिवसाची पाळी मिळाली नाही. समाईक विहिरीत एकाने दगड टाकला की सर्वांच्याच मोटा अडतात, त्यातलाच हा प्रकार झाला.

ग्रामसभा भरली. कंपनीचा तरुण अभियंता आला होता व मीही होतो. खातेदार भाड्याविषयी समाधानी होते. पंपधारक दिवसाच्या विजेविषयी समाधानी होते. कपाशीच्या भरपाईची बोलणी सुरू झाली. इतक्यात मागे बसलेले एक वृद्ध मेंढपाळ उठले व म्हणाले, "साहेब, जिमीन त्येंची, कागद त्येंचा, समदं कबूल. पन आतलं गवत कुनाचं?"

अभियंता म्हणाला, "आबा, गवत कोणाचेच नाही. उलट ते कापण्यासाठी आम्ही पैसे मोजतो."

"मंग आमच्या मेंढरास्नी फुकट कापू द्या की."

सभेत हशा पिकला, परंतु मला त्या क्षणी हसू आले नाही. जो उपाय शेतकी खात्याने सुचवावयाचा, तो मेंढपाळाने सुचविला होता.

कंपनीने प्रथम नकार दिला. विजेच्या तारा आहेत, अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, वरिष्ठांची परवानगी नाही, ही कारणे खोटी नव्हती. शेवटी चाळीस मेंढ्यांचा एक कळप प्रयोगादाखल आत सोडावा असे ठरले. शेळ्या नकोत ही अट मीच घातली. शेळी मागील पायांवर उभी राहते, मांडणीवर चढते व तारा कुरतडते. मेंढी मान खाली घालून चरते, आणि आपली दख्खनी मेंढी तर पॅनेलाखालून सहज जाते. जमिनीलगतच्या तारा नळीत घालून घेतल्या, तणनाशक पूर्णपणे बंद करण्याचे लेखी ठरले, व एका वेळी एकाच भागात कळप ठेवावा असा पाळीचा तक्ता केला. भाद्रपद ते पौष असे मेंढ्यांनी गवत खाल्ले. गवत कापणीचा कंपनीचा खर्च बहुतांशी वाचला. पॅनेलांच्या सावलीत ओल टिकल्यामुळे आतील गवत बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस दिवस अधिक हिरवे राहिले, हे माझ्या पाहण्यात आले. गाजर गवत मात्र मेंढ्या खात नाहीत. ते फुलण्यापूर्वी हाताने उपटावेच लागते, व त्याची मजुरी कंपनीने गावातच द्यावी असे ठरले.

दुसरी गोष्ट पाण्याची. पॅनेलावर पडलेला पाऊस खालच्या कडेने एका रेषेत पडतो, त्यामुळे उतारावर ओघळी पडतात व माती खालच्या शेतकऱ्याच्या बांधास जाऊन टेकते. आपण मृदसंधारणात जे समतल चर घेतो तेच येथे रांगांच्या मधून घ्यावयाचे, आणि सर्वांत खालच्या कोपऱ्यात शेततळे करावयाचे. कंपनीस पॅनेल धुण्यासाठी पाणी लागते. ते पूर्वी टँकरने येत असे, आणि टँकर ज्या विहिरीवर भरत त्या विहिरीच्या शेजाऱ्यांची कुरकूर असे. तळे झाल्यावर माती थांबली, खालच्या शेतकऱ्याचा बांध वाचला, आणि धुण्याचे पाणी आतच मिळू लागले. ते फेब्रुवारीपर्यंत पुरले. धुळीचे खरे दिवस त्यानंतरचे, तेव्हा उन्हाळ्याचा प्रश्न पूर्णपणे सुटला असे म्हणता येत नाही.

ह्या दोन्ही गोष्टींत कंपनीने दानधर्म केला नाही, हे ध्यानात घ्यावे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी लागते, व ती करताना आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. त्यातून शाळेच्या भिंती रंगतात, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बसते व कळ बिघडल्यावर बंद पडते. ही रक्कम नाकारण्याचे कारण नाही, परंतु तिच्यावर गावाने फार भिस्त ठेवू नये. नफा घटला की दान घटते. गवत मात्र दर पावसाळ्यात वाढते, आणि ते कापणे कंपनीस दरवर्षी भागच असते. जी गरज दोघांनाही दरवर्षी भासते तिच्यावर बांधलेला करार टिकतो.

ग्रामपंचायतीस मिळणाऱ्या अनुदानाविषयीही थोडे बोलणे भाग आहे. वेशीवर कमान उभारण्याचा मोह अनेक गावांस होतो. त्याऐवजी त्यातील काही भाग गायरानावर गवत व चाऱ्याची झाडे लावण्याकडे वळविला, तर ज्यांचे चराऊ रान कुंपणात गेले त्यांना त्याचा उपयोग होईल.

शेतकरी केवळ भाडेकरू देणारा न राहता स्वतः वीज पिकविणारा होऊ शकतो काय? गुजरातेतील खेडा जिल्ह्यात धुंडी नावाचे गाव आहे. तेथे २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी स्थापन केली. पंपास लागेल तेवढी वीज वापरावयाची व उरलेली वीज कंपनीस युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकावयाची, असा करार झाला. मोबदल्यात सभासदांनी पंचवीस वर्षे सवलतीची वीजजोडणी मागणार नाही असे मान्य केले. येथे वीज कंपनीचा सवलतीचा भार टळला, शेतकऱ्यास पावसाळ्यातही उत्पन्न मिळाले, आणि विजेस दाम मिळू लागल्यामुळे ती विनाकारण पाणी उपसण्यात घालविण्याचे कारण उरले नाही. माझ्या मते ह्यातील शेवटचा लाभ सर्वांत मोठा आहे. दिवसाची भरवशाची वीज मिळाली म्हणून आपण विहिरी दुप्पट उपसू लागलो, तर पाच वर्षांनी वीज असेल व पाणी नसेल. डेन्मार्क देशाचे नाव सहकाराच्या संदर्भात आपल्या वाचकांनी ऐकले असेलच. तेथे कोपनहेगन शहरासमोरच्या समुद्रात वीस पवनचक्क्या आहेत व त्यांपैकी निम्म्यांची मालकी सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली. २००९ च्या कायद्याने तर नव्या पवनचक्कीतील किमान २० टक्के हिस्सा प्रथम साडेचार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांस देऊ करणे बंधनकारक केले होते. तो नियम २०२० साली बदलला. आपल्याकडे ज्यांनी ऊस पिकविणाऱ्यास साखर कारखान्याचा सभासद केले, त्यांना ही कल्पना परकी वाटू नये.

ह्याउलट कर्नाटकातील पावगड तालुक्याकडे पाहावे. तेथे सुमारे १३,००० एकर जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेता भाड्याने घेण्यात आली व २०१९ अखेर २,०५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. एकरी वर्षाला २१,००० रुपये व दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. वारंवार दुष्काळ पाहिलेल्या त्या मुलखात जमीनधारकास हे मोठेच साह्य झाले, व जमिनीची मालकी त्याच्याकडेच राहिली. परंतु जो भूमिहीन मजूर त्या शेतांवर रोजगार करीत होता त्यास ना भाडे, ना मजुरी. मुळशीच्या यादीत ज्याचे नाव नव्हते तोच हा माणूस होय.

म्हणून गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांस माझी विनंती आहे की, कंपनीचा माणूस गावात आला म्हणजे केवळ सातबारा व मातीचा नमुना पाहून परतू नये. बारमाही भिजणारी किंवा काळी कसदार जमीन ह्या कामी जाऊ देऊ नये, हे तर झालेच. शिवाय त्या जमिनीवरून कोणाची पाणंद जाते, पीक निघाल्यावर कोणाची जनावरे येतात, मेंढ्यांचा वाडा कोणाच्या शेतात बसतो, मजुरीस कोण येते, हे एकदा संध्याकाळी पारावर बसून विचारावे व लिहून काढावे. सातबारावरील सर्व वारसांची, त्यात बहिणींचीही, संमती आहे काय आणि पीककर्जाचा बोजा आहे काय, ते करारापूर्वी पाहावे. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. तणनाशक, धुण्याचे पाणी, चर, चराई व मुदतीनंतर खांबांचे पाये काढून जमीन परत करणे ह्या गोष्टी त्यात स्पष्टपणे लिहून घ्याव्यात, कारण पंचवीस वर्षांत कंपनीची मालकी बदलू शकते व आज तोंडी वचन देणारा अभियंता तर दोन वर्षांतच बदलून जातो. हे सर्व सही होण्यापूर्वी मागावयाचे असते. सही झाल्यावर ते मागण्यासाठी फाटक अडवावे लागते, आणि ते आमच्या गावाने करून पाहिले आहे.

त्या गावातील मजूर स्त्रियांचा प्रश्न अजून तसाच आहे. पॅनेल धुण्याचे काम महिन्यातून दोनदा निघते. त्यासाठी ठेकेदार बाहेरगावची माणसे आणतो. काम कौशल्याचे नाही. उन्हे चढण्यापूर्वी, मऊ फडक्याने व बेताच्या पाण्याने करावयाचे. गावातील बचत गटाने ते काम आपणांस मिळावे म्हणून कंपनीकडे अर्ज केला आहे. माळावर हुलगा उपटावयास जाणाऱ्या अकरा जणींच्या सह्या व अंगठे त्यावर आहेत. सोबत मीही एक पत्र जोडले, आणि त्यात माझ्या पहिल्या अभिप्रायात काय लिहावयाचे राहून गेले होते तेही नमूद केले. अभियंत्याने अर्ज वरिष्ठांकडे पाठविला असल्याचे सांगितले. अर्जाची प्रत माझ्या दप्तरी आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.